म्युनिकची ऑफर: पगार दुप्पट, शिल्लक तेवढीच? गणितात काय चुकतंय?

अर्धाकप
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच.

म्युनिकमधून नोकरीची ऑफर आली आहे. वर्षाला ६८ हजार युरो, ब्लू कार्डवर (कुशल परदेशी कर्मचाऱ्यांचा परवाना). वय ३६, बायको आणि चार वर्षांची मुलगी. सध्या पुण्यात सीटीसी ३२ लाख, हातात महिन्याला दोन लाखांच्या आसपास. फ्लॅटचा हप्ता ६२ हजार, घरखर्च ६५ हजार, उरतात ७३ हजार.

तिकडचा हिशेब असा मांडलाय: हातात ३९०० युरो. घरभाडं १९००, मुलीची किटा (बालवाडी) ३००, किराणा-भाजी ६००, दोघांचा प्रवास पास ११६ (२०२५ च्या दराने), किरकोळ २५०. उरले ७३४, म्हणजे ७३ हजार रुपये. इथेही ७३, तिथेही ७३! मग एवढा उपद्व्याप करायचा कशाला?

एका ऑनलाइन कॅल्क्युलेटरने सांगितलं, ६८ हजार युरो म्हणजे भारतातले १९ लाख. म्हणजे मी पगार कमी करून घेतोय. मेहुणा म्हणतो, युरो शंभराच्या वर गेलाय, ६८ लाख झाले, विचार कसला करतोस! दोघंही एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत ना?

राहणीमानाबद्दलही सांगा. 'तिकडची हवा छान' हे माहीत आहे, त्यापलीकडचं सांगा. कळवायला तीन आठवडे आहेत.

बोरकूट
मेहुणा कधीच बरोबर नसतो. बाकी जाणकार सांगतीलच.

गणितोबा
मेहुणा आणि कॅल्क्युलेटर दोघंही अर्धे बरोबर आहेत.

कॅल्क्युलेटर चालतो क्रयशक्ती समानतेवर, म्हणजे पीपीपीवर. जागतिक बँकेच्या २०१७ च्या तुलनेत एका डॉलरची खरेदी भारतात २०.६५ रुपयांत होत होती. तेव्हा बाजारातला भाव होता ६५ रुपये. हा तिपटीचा फरक येतो कुठून? केस कापणं, बसचं तिकीट, घरभाडं, घरकाम, थोडक्यात जिथे माणसाचे हात लागतात ते सगळं आपल्याकडे स्वस्त. लॅपटॉप, गाडी, विमानाचं तिकीट, पेट्रोल यांत तो फरक उरत नाही.

शिवाय पीपीपीची टोपली सबंध देशाची असते. त्यात शेतमजुराचं घरही येतं. अर्धाकप, तुमच्या टोपलीत एसी आहे, आयफोन आहे, इंग्रजी शाळेची फी आहे. म्हणून '१९ लाख' हा आकडा तुमच्यासाठी फार कमी आहे. आणि मेहुण्याचा ६८ लाखांचा आकडा खरा व्हायचा असेल, तर तुम्हाला म्युनिकमध्ये हवा खाऊन राहावं लागेल.

मी वापरतो ती रीत: जे तिथेच खर्च होणार ते युरोतच मोजा, रुपयात आणूच नका. कॉफी साडेतीनशे रुपयांना पडली म्हणून पहिले सहा महिने रडण्यात अर्थ नाही. शेवटी उरेल आणि घरी पाठवाल, तेवढ्यालाच शंभरने गुणा.

आता तुमच्या मांडणीतल्या चुका. एक, पुण्यातला हप्ता ६२ हजार. तो तिकडच्या रकान्यात दिसत नाही. बँक माफ करणार आहे का?

अर्धाकप
अरेच्चा! हप्ता राहिलाच. फ्लॅट भाड्याने दिला तर २८ हजार येतील.

गणितोबा
म्हणजे ३४ हजार पदरचे. ७३ मधून ते गेले, राहिले ३९. आता म्युनिकवाल्यांनी बाकीचं तपासावं, मला तिकडचे खर्च ठाऊक नाहीत.

इसारकाठची
म्युनिकमध्ये नऊ वर्षं. तपासते.

३९०० हे कर वर्ग तीनचं उत्तर आहे, म्हणजे जोडीदार कमावत नाही किंवा अगदी थोडं कमावतो असं धरून. तो आकडा साधारण बरोबर आहे. दोघंही कमावते आणि दोघांनी वर्ग चार घेतला, तर तुमच्या हातात साडेतीन हजारांच्या आत-बाहेर येतील. वर्षअखेरीस विवरणपत्र भरताना दोघांचं एकत्र धरून हिशेब होतो, त्यामुळे फार बिघडत नाही. पण दर महिन्याला दिसणारा आकडा वेगळा असतो.

किंडरगेल्ड धरलाच नाहीत! मुलीमागे महिन्याला २५५ युरो (२०२५ चा दर) सरकार खात्यावर टाकतं, पगार कितीही असो. शिवाय बव्हेरियात तीन वर्षांवरच्या मुलांच्या बालवाडी फीमध्ये राज्याकडून महिना १०० युरोंची सूट असते. ३०० हा आकडा सूट धरून आहे की न धरून, ते विचारा. बर्लिनमध्ये किटा २०१८ पासून मोफत आहे, फक्त जेवणाचे २३ युरो. पण ऑफर म्युनिकची आहे, तर उगाच जीव जाळू नका.

आता उलट बाजू. १९०० भाडं 'काल्ट' की 'वार्म'? जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतं ते थंड भाडं. त्यावर जिना, कचरा, पाणी आणि बहुतेक ठिकाणी हीटिंग धरून गरम भाडं होतं, आणि वीज-इंटरनेट त्याहून वेगळं. वार्म १९०० मध्ये तीन खोल्या शहराच्या मध्यात विसरा, एसबानच्या (लोकल रेल्वेच्या) शेवटच्या टोकाकडे बघा. खोल्या मोजताना हॉल ही पण खोली बरं का. तीन खोल्या म्हणजे आपला टू बीएचके.

आणि रेडिओ-टीव्हीचा कर, घरटी महिना १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी. आमचे हे पहिल्या वर्षी 'आपल्याकडे टीव्हीच नाही' असं पत्र लिहून आले होते. तीन महिन्यांची थकबाकी भरली.

विदर्भवीर
अबे टीव्ही नाही त पैसे कायचे?

इसारकाठची
शेजाऱ्याचा ऐकू येतो त्याचे :)

केअरवोखे_पीडित
आमचं श्टुटगार्ट. माझं नावच सांगतं काय भोगलंय ते. केअरवोखे म्हणजे झाडलोटीचा आठवडा. इथे जिन्याची झाडलोट भाडेकरूंनी पाळीपाळीने करायची पद्धत आहे. ज्याची पाळी त्याच्या दाराच्या मुठीला एक छोटी लाकडी पाटी अडकवतात. पहिल्यांदा पाटी दिसली तेव्हा वाटलं, शेजारणीने स्वागताची भेट दिली. सजावट म्हणून हॉलमध्ये लावली. आठव्या दिवशी शेजारीणबाई दारात, वय पंचाहत्तरच्या पुढे, हातात बादली. काही बोलल्या नाहीत. आधी पाटीकडे बोट केलं, मग जिन्याकडे, मग माझ्याकडे.

मुद्द्याचं सांगतो. अर्धाकपच्या यादीत एकरकमी खर्च नाहीत. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांचं थंड भाडं, आणि म्युनिकसारख्या ठिकाणी घरमालक पुरेपूर तीन मागतातच. ते परत मिळतं, पण अडकून राहतं. दुसरं म्हणजे स्वयंपाकघर.

आम्ही घराची किल्ली घेतली, दार उघडलं, आतल्या खोलीत गेलो. चार भिंती, एका भिंतीतून बाहेर आलेले दोन नळ, पाइपच्या तोंडाला प्लास्टिकची टोपी, आणि छताला लोंबणारी एक वायर. ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही. मला वाटलं चोरी झाली! आधीचा भाडेकरू स्वतःचं स्वयंपाकघर उचकटून घेऊन गेला होता, आणि इथे ते रीतसर आहे. काही जण जाताना ते पुढच्याला विकतात. विकत असेल तर घासाघीस करून घ्या. आमची पाच आठवडे पाण्याची सोय बाथरूममध्ये, स्वयंपाक एका इंडक्शनवर, जमिनीवर बसून. बायको म्हणाली, 'आजीच्या घरी चूल पण बरी होती.'

हिरवीमिरची
वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे ओट्याची फरशी बदलायची म्हटली तरी घरात महिनाभर अबोला असतो.

आम्स्टरडॅमकर
नेदरलँड्सला या की. इथे बाहेरून आणलेल्या कुशल लोकांना पगाराच्या ३० टक्क्यांपर्यंत रक्कम करमुक्त मिळते, पाच वर्षं. २०२७ पासून ते २७ टक्के होणार आहे.

बोरकूट
आणि घर मिळेपर्यंत पाच वर्षं संपतात.

आम्स्टरडॅमकर
ते खरंय.

विदर्भवीर
अमेरिकेचं कोनी बोलूनच नाही राह्यलं?

बोरकूट
नव्या एच-वन-बी अर्जाला एक लाख डॉलर शुल्क लावल्यापासून अमेरिकेचं मौनव्रत चालू आहे.

निवृत्त_नाना
अमेरिका राहू द्या. मला एक समजत नाही. ६८ हजारांचे हातात ३९०० कसे? वर्षाचे जवळपास २१ हजार युरो गेले कुठे? आमच्या काळी प्राप्तिकरालाच लोक शिव्या घालायचे.

इसारकाठची
नाना, या वर्गात करापेक्षा विम्याचंच जास्त जातं. पेन्शनला १८.६ टक्के, निम्मे मालक भरतो, निम्मे आपण. आरोग्याला १४.६ टक्के अधिक त्या त्या क्रांकेनकासेचा (आरोग्य विमा संस्थेचा) जादा दर, तेही निम्मे-निम्मे. मग बेकारी विमा, मग म्हातारपणी सेवा लागली तर त्याचा विमा. पगारपत्रक बघून पहिल्या महिन्यात मीही रडले होते.

पण मिळतं काय तेही सांगते. दोन वर्षांपूर्वी माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. रात्री अकराला ११२ ला फोन, पहाटे तीनला टेबलावर. चार दिवस इस्पितळात. महिनाभराने घरी बिल आलं. हात थरथरत पाकीट फोडलं. ४० युरो. दिवसाला १० प्रमाणे रुग्णाचा वाटा. बाकी ना आगाऊ रक्कम, ना कॅशलेसची मंजुरी, ना टीपीएला (विम्याच्या मध्यस्थाला) फोन. आणि आजारपणात सहा आठवडे पूर्ण पगार मालकाकडून. न कमावता जोडीदार आणि मुलं त्याच विम्यात फुकट.

हिरवीमिरची
ताई, नाण्याची दुसरी बाजू पण सांगा ना. माझी बहीण फ्रँकफर्टला आहे. त्वचेच्या डॉक्टरची वेळ मागितली तर चार महिन्यांनंतरची मिळाली. तोवर पुरळ गेलं. ताप आला तर 'चहा प्या, झोपा, इबुप्रोफेन घ्या'. इथे संध्याकाळी सातला चिठ्ठी न घेता डॉक्टरकडे जाऊन बसता येतं, हे पण राहणीमानच आहे.

आणि घरातली कामं कोण करणार? इथे भांडी-फरशीला मावशी, पोळ्यांना काकू, कारला धुणारा, इस्त्रीला भैय्या. तिकडे हे सगळं तुम्ही दोघं. बहिणीने हिशेब केला, आठवड्याला अठरा तास. तासाला पंधरा युरोंनी धरा आणि पगारातून वजा करा, मग बघू किती उरतं ते.

गणितोबा
हिशेब रोखठोक आहे, पण एक तक्रार. मावशींचे तास स्वस्त आहेत म्हणून आपण आरामात आहोत. ते राहणीमान आपलं. त्यांचं काय?

हिरवीमिरची
गणितोबा, तुमच्या घरी भांडी कोण घासतं?

गणितोबा
...मावशी.

उलटटपाली
सहा वर्षं तिकडे काढून २०२२ ला परत आलो. दोन्ही बाजू भोगल्यात म्हणून जरा लांब लिहितो.

पैसा मोजता येतो म्हणून आपण तोच मोजत बसतो. मला तिथे सगळ्यात जास्त काय आवडलं, तर माझा वेळ माझा होता. कायद्याने किमान २० दिवस रजा, बहुतेक कंपन्या २८ ते ३० देतात, आणि ती घेतली नाही तर साहेब विचारतो की घेतली का नाहीस. संध्याकाळी सहानंतर फोन नाही. इथे आल्यावर पहिल्याच दिवाळीत, नरकचतुर्दशीच्या सकाळी, अंगाला उटणं लावलेलं असताना 'क्विक कॉल' आला. मुलगी तिथे पहिलीपासून एकटी चालत शाळेत जायची. पाठीवर दप्तर, त्याच्यावर चमकणाऱ्या पट्ट्या. इथे नववीत आहे, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवतानाही आम्ही गॅलरीत उभे असतो.

आता न आवडलेलं. डिसेंबरात म्युनिकला साडेचारच्या आत सूर्य मावळतो. अंधारात जायचं, अंधारात यायचं. पहिला हिवाळा नवलाईत जातो, तिसरा खातो. रविवारी सगळं बंद. माणसं वाईट नाहीत, पण मैत्रीला तीन-तीन वर्षं लागतात, आणि तीही जर्मन येत असेल तर. ऑफिस इंग्रजीत चालतं, आयुष्य नाही चालत. परदेशी नागरिकांच्या कार्यालयाचं पत्र, घरमालकाचं पत्र, शाळेची सूचना, सगळं जर्मनमध्ये, आणि सगळं कागदावर.

आम्ही परत का आलो? बाबांना पार्किन्सन झाला. एकुलता एक मुलगा. आई फोनवर म्हणायची 'आम्ही मजेत', आणि मागून बाबांचा पडल्याचा आवाज यायचा. त्याला कुठल्या रकान्यात टाकायचं ते मला अजून कळलेलं नाही.

निवृत्त_नाना
उलटटपाली, तुम्ही मनातलं लिहिलंत. आमचा मुलगा लाइपझिगला आहे. आम्ही शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहून येतो. तिकडे करमत नाही, इकडे करमत नाही.

आई-वडिलांना कायमचं नेता येतं का हो? कोणी म्हणतं कायदा बदलला.

इसारकाठची
बदललाय नाना. ज्यांना कुशल कर्मचारी म्हणून पहिला परवाना १ मार्च २०२४ पासून पुढे मिळाला, त्यांना आई-वडिलांना आणता येतं. ब्लू कार्डवाले त्यात येतात, म्हणजे अर्धाकप बसतील, तुमचा मुलगा आधी गेला असेल तर नाही. पण घोडं अडतं विम्यापाशी. आई-वडिलांचा सगळा खर्च आणि पुरेसा आरोग्य विमा दाखवावा लागतो, आणि सत्तरीतल्या नव्या माणसाला सरकारी विम्यात सहसा शिरता येत नाही. खासगी विम्याचे हप्ते ऐकून माणूस तिथेच आजारी पडेल.

निवृत्त_नाना
म्हणजे दार उघडलंय, पण उंबरठा छातीएवढा. बरं, पेन्शनला एवढे पैसे जातात, परत आलो तर बुडतात का?

उलटटपाली
हे मी स्वतः केलंय म्हणून सांगतो. ६० महिन्यांपेक्षा कमी भरणा असेल, तर तिथला सक्तीचा विमा सुटल्यावर २४ महिन्यांनी आपण भरलेला वाटा परत मागता येतो. मालकाचा वाटा नाही मिळत. ६० महिने भरले की परतावा बंद, तिथलं निवृत्तीचं वय झालं की पेन्शन, आणि ती भारतात बसूनही मिळते. भारत आणि जर्मनीत २०१७ पासून सामाजिक सुरक्षेचा करार लागू आहे.

माझे ७१ महिने होतात, म्हणून पैसे परत मिळाले नाहीत. दरवर्षी एक पत्र येतं, 'तुम्हाला अमुक इतकी पेन्शन मिळेल'. बायको म्हणते, तेवढ्यात तेव्हाचं दूध येईल का?

केअरवोखे_पीडित
उलटटपाली म्हणाले त्यातलं भाषेचं दोनदा अधोरेखित करा. ब्लू कार्डवर कायमचा परवाना २७ महिन्यांत मिळतो, पण बी-वन पातळीचं जर्मन (ए-वन सुरुवातीची पातळी, सी-टू सगळ्यात वरची) असेल तर २१ महिन्यांत. नागरिकत्वाला पाच वर्षं. तीन वर्षांची जलद वाट होती, ती २०२५ मध्ये बंद झाली. जर्मनीला दुहेरी नागरिकत्व चालतं, भारताला नाही, त्यामुळे पासपोर्ट सोडून ओसीआय (परदेशस्थ भारतीयांचं कार्ड) घ्यावं लागतं.

गाडीचं पण लक्षात ठेवा. भारतीय परवाना सहा महिने चालतो. मग लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा. मी पुण्यात पंधरा वर्षं गाडी चालवलेली, पहिल्याच प्रत्यक्ष परीक्षेत चौथ्या मिनिटाला नापास. खांद्यावरून मागे बघितलं नाही म्हणून. दुसऱ्या वेळी मान दुखेपर्यंत बघितलं. एकूण दीड हजार युरो गेले.

बोरकूट
पुण्याचा परवाना सहा महिने चालतो हेच त्यांचं औदार्य.

गणितोबा
बेरीज करू का आता? तिकडची शिल्लक ७३४ अधिक किंडरगेल्ड २५५, म्हणजे ९८९. त्यातून रेडिओचा कर गेला, ९७०. रुपयात ९७ हजार. हप्त्याचे पदरचे ३४ वजा, उरले ६३ हजार. वर्षातून एकदा तिघं घरी येणार, सुट्टीच्या दिवसांतली तिकिटं अडीच हजार युरो धरा, महिन्याला वीसेक हजार. राहिले ४२. डिपॉझिट आणि स्वयंपाकघर पहिल्या वर्षाच्या शिलकीतून जाणार, म्हणजे वर्षभर शून्य समजा.

इथले ७३, तिथले ४२. निव्वळ पैशासाठी जात असाल तर जाऊ नका, किंवा ८० हजार मागून बघा.

अर्धाकप
सगळ्यांचे खूप आभार. वाचताना आकडे चढतायत आणि उतरतायत. मुलीसाठी तरी जावं असं वाटतं, तिकडे शिक्षण फुकट आहे.

इसारकाठची
फुकट आहे, पण सोपं समजू नका. बव्हेरियात चौथीतच मुलांची वाट ठरते. जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तिन्हींची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझिउम, म्हणजे विद्यापीठाकडे नेणारी शाळा. इथे १ म्हणजे सर्वोत्तम, आणि ६ म्हणजे बोंब. माझ्या लेकाची चौथी आमच्या घराने बारावीसारखी काढली. तुमची मुलगी चार वर्षांची आहे, बालवाडीत भाषा सहज उचलेल. हे वय उत्तम. आठव्या वर्षी आणलेल्या मुलांचे हाल बघितलेत.

क्लिनिकवाली
नमस्कार. आजच सभासद झाले. या धाग्यात 'बायको, चार वर्षांची मुलगी' असा एका ओळीत उल्लेख आहे. त्यातली पहिली मी.

मी दंतवैद्य आहे. तीन वर्षांपूर्वी स्वतःचा दवाखाना टाकला. सगळा खर्च जाऊन महिन्याला ९० हजार घरात येतात. मुलीची शाळा, किराण्याचा अर्धा भाग आणि 'ह्यां'ची कॉफी त्यातून होते. म्हणूनच त्यांचा घरखर्च ६५ हजारांत बसतो. गणितोबा, तुमच्या बेरजेत दोष नाही, तुम्हाला दिलेला कागदच अर्धा होता. नावाप्रमाणे.

मी आठवडाभर माहिती काढत होते. तिथे दंतवैद्यकी करायची तर बी-टू जर्मन, मग सी-वन पातळीची वैद्यकीय भाषेची परीक्षा, मग ज्ञान परीक्षा. तिथे असलेल्या माझ्या वर्गमैत्रिणीला या सगळ्याला अडीच वर्षं लागली, आणि तिला मूल नव्हतं. तोपर्यंत मी काय करायचं? ज्या ३९०० वर एवढी चर्चा झाली तो आकडाच मुळी मी कमावत नाही असं धरून आहे.

मी जाणार नाही असं म्हणत नाहीये. मला तिथली डेंटल चेअर बघायला आवडेल.

बोरकूट
धागाकर्ते, गॅलरीतून उडी मारू नका.

हिरवीमिरची
वहिनी, स्वागत! धाग्यातली सगळ्यात कामाची पोस्ट.

गणितोबा
मग इथली शिल्लक ७३ नाहीच. घरखर्च दोघांच्या पगारातून चालतो, तर दोन्ही रकाने दोघांचे धरून मांडा. पहिली तीन वर्षं एक तक्ता, वहिनींना परवाना मिळाल्यानंतर दुसरा. दोन तक्त्यांमध्ये जमीन-अस्मान असेल. तिथे दंतवैद्याला काम मिळतं का, हे इसारकाठची सांगतील.

इसारकाठची
मिळतं. माझ्या गल्लीतल्या दंतवैद्याकडे दारावर पाटी आहे, नवे रुग्ण घेत नाही. क्लिनिकवाली, ब्लू कार्डच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मन सक्तीचं नाही, पण तुम्ही तिकीट काढायच्या आधी ए-टू तरी करा. आणि पदवीच्या कागदांचं भाषांतर निघण्यापूर्वीच सुरू करा, ते रखडतं.

उलटटपाली
वहिनी, दवाखाना बंद करू नका. कोणाला चालवायला देता येत असेल तर बघा. आम्ही परत आलो तेव्हा घर होतं म्हणून निभावलं.

अर्धाकप
घरी चर्चा झाली. (चर्चा म्हणजे मी ऐकलं.)

कंपनीला मेल टाकलाय. रुजू व्हायची तारीख एप्रिलच्या जागी ऑगस्ट करा, भाषेच्या वर्गाचा खर्च दोघांचा द्या, आणि पगार ७४. पहिल्या दोन गोष्टींना होकार आला. पगार '७० आणि सामान हलवण्याचा खर्च' यावर अडकलाय. हिचे ए-वनचे वर्ग सोमवारपासून. मीही बसणार आहे, शेवटच्या बाकावर.

जायचं की नाही ते डिसेंबरात ठरवू. तोवर एक साधा प्रश्न: मिक्सर न्यावा का तिथे घ्यावा?

केअरवोखे_पीडित
न्या. वीज तीच, २३० व्होल्ट, फक्त पिन बदलावी लागते. तिकडच्या भांड्यात ओल्या नारळाची चटणी होत नाही. कुकरच्या चार रिंगा आणि शिट्ट्या जादा घ्या. आणि मिक्सर रविवारी लावू नका.

विदर्भवीर
रविवारी काहून नाही?

केअरवोखे_पीडित
त्याच शेजारीणबाई. बादली नव्हती यावेळी. नुसतं घड्याळ दाखवलं.